राजाबाई टॉवरसमोर बसून चित्र काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं, थंडीच्या दिवसांत जमेल त्या रविवारी, मी ओव्हल मैदानात बसून मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतींची स्केचेस करते आहे. मागे येऊन थांबणारी माणसं, नव्याने वही घेऊन आलेली मुलंमुली, ओळखीतून फोन करणारे, सगळे थोड्याफार फरकाने तेच विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची मला ठाऊक असलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मैदानातून इतक्या जुन्या इमारती दिसतात. त्यातलं विद्यापीठ नेमकं कोणतं?

मैदानात उभं राहून पूर्वेकडे तोंड करा. डावीकडून उजवीकडे ओळीने या इमारती येतात: उच्च न्यायालय, मग राजाबाई टॉवर, म्हणजे घड्याळाचा उंच मनोरा, आणि त्याला जोडलेलं विद्यापीठाचं ग्रंथालय, मग पदवीदान सभागृह आणि त्यापुढे जुनं सचिवालय, जिथे आता सत्र न्यायालय आहे. यातल्या मधल्या दोन इमारती विद्यापीठाच्या. उच्च न्यायालयाची इमारत प्रचंड असल्यामुळे नवखी माणसं तिलाच विद्यापीठ समजून तासभर काढत बसतात. तीही इमारत काढण्याजोगी आहेच, पण तिचा दगड काळपट आणि बांधा जड. विद्यापीठाचा दगड पिवळसर आणि बांधा नाजूक. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही.

या इमारतीचा इतिहास चित्र काढणाऱ्याला कशाला हवा?

कारण त्यातल्या काही गोष्टी समोर दिसतात, आणि कारण कळलं की हातातून रेष वेगळी येते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी, १८६२ सालचे. म्हणजे ते पदवीधर झाले तेव्हा यातली एकही इमारत उभी नव्हती. तेव्हा फोर्टची तटबंदीसुद्धा पाडायची होती. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात ती पडली, जागा मोकळी झाली आणि ही रांग उभी राहिली. रांगेचं तोंड पश्चिमेला आहे, कारण तेव्हा पलीकडे समुद्र होता. आज मैदानाच्या पश्चिमेला दिसणाऱ्या आर्ट डेको इमारती नंतर, बॅकबेला भराव टाकल्यावर, १९३० च्या दशकात आल्या. समुद्राकडून येणाऱ्याला ही रांग लांबून दिसायची, हे लक्षात ठेवून बसलं की समोरचं छायाचित्रासारखं सपाट दिसणारं दृश्य एकदम किनाऱ्यासारखं वाटायला लागतं. मला तरी वाटतं.

विद्यापीठाच्या दोन्ही इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. लंडनचं सेंट पँक्रास स्टेशनचं हॉटेल ज्यांनी उभारलं तेच हे. स्कॉट भारतात कधीच आले नाहीत. आराखडे लंडनहून आले आणि इथल्या गवंड्यांनी, पाथरवटांनी ते कुर्ल्याच्या दगडात उतरवले. पदवीदान सभागृह १८७४ साली पुरं झालं, त्याला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी होती. टॉवरचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, ग्रंथालयाला दोन लाख आणि टॉवरला दोन लाख रुपये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळातले हे मोठे व्यापारी. टॉवरला त्यांनी आईचं नाव दिलं, राजाबाई. त्या धर्मनिष्ठ जैन होत्या, दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम होता. घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा टॉवर, अशी गोष्ट सांगितली जाते. तिथे बसल्यावर ती मला नेहमी आठवते, कारण आपणही तिथे सूर्यास्ताच्या आत काहीतरी उरकायच्या घाईत असतो.

बसायचं कुठे?

बहुतेक जण पहिल्या दिवशी चुकतात ते इथेच. टॉवर आवडतो म्हणून ते त्याच्या जवळ जातात, कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाच्या फुटपाथवर बसतात आणि मान वर करून काढायला लागतात. टॉवर २८० फूट उंच आहे. जवळून बघताना बुंधा अंगावर येतो, वरचं निमुळतं शिखर आक्रसतं, घड्याळ तिरकं दिसतं. अर्ध्या तासात मान दुखते आणि कागदावर एक जाडजूड चिमणी उभी राहते.

उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा, हा सोपा हिशेब. २८० ची दुप्पट ५६० फूट, म्हणजे साधारण १७० मीटर. मैदान ओलांडत पश्चिमेच्या कडेकडे निघा आणि अधूनमधून मागे वळून बघा. मान न हलवता, फक्त डोळे वर केले की कळसापर्यंत पोचता येतं अशी जागा सापडली की तिथे बैठक मारा. पश्चिमेच्या कडेला झाडांची सावलीही मिळते.

टॉवरच्या अगदी समोर बसू नका. थोडं डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं की मनोऱ्याची दुसरी बाजू दिसू लागते आणि त्याला खोली येते. मी उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकून बसते. त्या कोनातून पदवीदान सभागृह पुढे येतं, ग्रंथालय मागे जातं आणि त्यातून मनोरा वर चढतो.

क्रिकेटची खेळपट्टी कुठे आहे आणि फलंदाज कुठल्या बाजूला मारतोय, हे बघून बसावं. रविवारी एकमेकांत घुसलेले किती सामने चालू असतात ते मोजणं कठीण. सीझनचा चेंडू पाठीत बसला की त्या दिवशीचं चित्र संपतं.

कोणत्या वेळी यावं?

दुपारी. सकाळी चित्र काढायची आपल्याला सवय असते, ऊन कोवळं असतं, मैदान गार असतं. पण ही इमारत पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि समोरची सगळी बाजू एकाच करड्या सावलीत बुडालेली असते. कमानी, खांब, सज्जे सगळं आहे, पण एकमेकांपासून सुटं होत नाही. नवखा माणूस मग नाइलाजाने रेषांवर रेषा घालत बसतो.

साधारण साडेबारानंतर ऊन दर्शनी बाजूवर यायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दुपारी एक ते तीनच्या दरम्यान प्रकाश आपल्या उजवीकडून भिंतीला घासत येतो. प्रत्येक खांबाची सावली डावीकडे पडते, प्रत्येक कमानीच्या पोटात काळोख भरतो, घड्याळाखालच्या सज्जाची कड उठून दिसते. इमारत कशी बांधली आहे हे या दोन तासांत ती स्वतःच दाखवते. पुढे चार-पाचच्या सुमारास दगड मधासारखा होतो आणि लोक कॅमेरे काढतात. रंगासाठी ती वेळ सुरेख. रेखाटन शिकायला मात्र एक ते तीन.

मे महिन्यात गणित बदलतं. मुंबईवर तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावरून जातो, सावल्या बाजूला न पडता सरळ खाली ओघळतात. ऊनही सोसवत नाही. ऑक्टोबरचा उष्मा सरल्यावर ते फेब्रुवारीअखेर हा माझा मोसम.

आणखी एक. दुपारी पूर्वेकडे तोंड करून बसलं की ऊन पाठीवर येतं, म्हणजे आपल्याच अंगाची सावली कागदावर पडते. हे चांगलं असतं. उन्हात चकाकणाऱ्या पांढऱ्या कागदावर रंगाचा अंदाज येत नाही, घरी गेल्यावर सगळं गडद निघतं. मानेवर मात्र उपरणं किंवा ओढणी टाका.

परवानगी लागते का?

मैदानात किंवा फुटपाथवर वही मांडीवर घेऊन बसलेल्या मला आजवर कोणी हटकलेलं नाही. ईझल उभा केला, मोठा ट्रायपॉड लावला की चौकशी होते, आणि शेजारी न्यायालयं असल्यामुळे ती होणारच. सांगावं नीट, वही दाखवावी. विद्यापीठाच्या आवारात बसून काढायचं असेल तर मात्र आधी विद्यापीठाकडे रीतसर विचारणा करा. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून काही होत नाही. आत सोडायचा अधिकार त्याच्या हातात नसतो.

काय काय सामान न्यावं?

कमी. ए-४ मापाची पुठ्ठा बांधणीची वही, जलरंग लावायचे असतील तर कागद जाड, ३०० जीएसएमचा. एक २बी पेन्सिल, एक वॉटरप्रूफ शाईचं पेन, छोटा रंगाचा डबा, एक मध्यम गोल ब्रश, पाण्याची बाटली आणि जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा. वारा सुटतो, म्हणून दोन क्लिपा. बसायला घडीचं स्टूल किंवा सतरंजी.

पेन वॉटरप्रूफ आहे का ते घरीच तपासा. कागदावर रेघ मारा, पाच मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. मी एकदा न तपासता पेन आणलं आणि दीड तासाचं काम पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या हाताला, निळं पाणी होऊन वाहून गेलं.

रंग विद्यार्थ्यांसाठीच्या प्रतीचे चालतात. कॅमलच्या केकवर आपल्यातल्या कित्येकांचा हात बसला आहे. महागड्या डब्याची वाट बघत घरी बसू नका.

वडापाव खाल्ल्यावर हात साबणाने धुवा, नुसते पुसू नका. कागदाला तेलकट बोट लागलं की तिथे पाणी धरत नाही, आणि तो डाग नेमका आकाशात येतो.

सुरुवात कुठून करू? माझं शिखर नेहमी कागदाबाहेर जातं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण खालून सुरू करतो. पोर्चच्या कमानी छान दिसतात, त्यात रमतो, मग पहिला मजला, मग सज्जा, आणि घड्याळापर्यंत पोचेतो कागद संपतो. मग शिखर दाबून बसवतो. चित्रातला टॉवर बुटका होतो आणि का बुटका झाला ते कळत नाही.

म्हणून आधी कागदावर दोन खुणा करा, बाकी काही नाही. वरून दोन बोटं जागा सोडून एक ठिपका, तो कळसाचा. खालून चार बोटं सोडून एक आडवी रेघ, ती जमिनीची. इमारत या दोहोंच्या मध्येच मावली पाहिजे, आता ती बाहेर जाऊ शकत नाही. ठिपक्यातून खाली एक उभी रेघ सोडा आणि तिचा मध्य काढा.

आता हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक कळसावर, अंगठ्याचं नख जमिनीवर. मग त्याच्या अर्ध्यावर समोर इमारतीचा कोणता भाग येतो ते बघा. प्रत्येक जण इथे चकतो, कारण मनातला मध्य आणि मोजलेला मध्य यांत बरंच अंतर असतं. जे दिसेल ते कागदावरच्या मध्यावर टिंब करून ठेवा. तसेच पाव आणि पाऊण. कळस आणि जमीन धरून पाच खुणा झाल्या की टॉवरचा सांगाडा बसला.

कोपर वाकवू नका. कोपर वाकलं की माप बदलतं आणि मग सगळे हिशेब वाया जातात.

रुंदीसाठी काही आकडे लक्षात ठेवले तर डोळ्याला मदत होते. ग्रंथालयाची इमारत सुमारे १५२ फूट लांब आहे, म्हणजे मनोऱ्याची उंची तिच्या लांबीच्या पावणेदोन पटींहूनही जास्त. पदवीदान सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ६३ फूट उंच, म्हणजे टॉवर त्याच्या जवळपास साडेचार पट उंच. माझ्याकडे दाखवायला येणाऱ्या बहुतेक चित्रांत तो अडीच-तीन पटच असतो. आडवं पसरलेलं मोठं वाटतं आणि उभं असलेलं लहान, ही डोळ्याची खोड आहे.

मग मोठे आकार. खाली चौकोनी ठोकळा, वर अष्टकोनी भाग, त्यावर निमुळता होत जाणारा सुळका. चौकोनातून अष्टकोन होताना कोपऱ्यांवर जे छोटे कळस उभे राहतात, ते तो बदल झाकतात. पुतळे, नक्षी, खिडक्या यांतलं काहीही अजून काढायचं नाही. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत, ते बघायला दुर्बीण आणा, जरूर बघा. पण १७० मीटरवरून ते पेनाचा एक तिरका फटकारा असतात, तेवढेच ठेवा.

हे सगळं वीस मिनिटांत व्हायला हवं. पहिल्या दिवशी एवढंच केलंत आणि घरी गेलात तरी दिवस सत्कारणी लागला.

टोकदार कमानी जमत नाहीत. कांद्यासारख्या दिसतात.

कमान काढू नका, आधी तिची चौकट काढा. उभा चौकोन, मधून उभी रेघ, त्या रेघेवर टोक. मग दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यापासून टोकापर्यंत एकेक चाप. चाप पूर्णवेळ बाहेरच फुगलेला असतो. टोकाजवळ तो आत वळवला की कांदा झाला. गॉथिक कमान म्हणजे दोन वर्तुळांचे तुकडे एकमेकांना टेकलेले. घरी कंपास घेऊन एकदा काढून बघा: खालच्या दोन बिंदूंवर आळीपाळीने टोक रोवायचं, मधलं अंतर ही त्रिज्या, दोन चाप जिथे भेटतात ते कमानीचं टोक. एकदा हाताला कळलं की मैदानात कंपास लागत नाही.

तिरक्या कोनातून बघताना चौकटीचे कर्ण काढा. ते जिथे छेदतात तो दिसणारा मध्य, कमानीचं टोक त्याच्या वर येतं. नुसत्या अंदाजाने टोक मधोमध काढलं तर कमान पाठीमागे कलंडल्यासारखी दिसते.

आणि ओळीतल्या सगळ्या कमानी काढू नका. एक नीट, तिच्या शेजारची निम्मी, बाकीच्यांचा फक्त आतला काळोख. बघणाऱ्याचा डोळा उरलेल्या स्वतः भरून घेतो.

घड्याळ आणि सभागृहाची चाकासारखी खिडकी कशी काढायची?

दोन्हींत गोलाचे बारा भाग आहेत. घड्याळात तास, आणि पदवीदान सभागृहाच्या चक्राकार खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी. गोल काढायचा, आडवी-उभी रेघ, मग प्रत्येक पावाचे तीन भाग. बाजूने बघताना गोलाचा लंबगोल होतो आणि त्याचे भाग सारख्या रुंदीचे राहत नाहीत, दूरचे अरुंद होतात.

राशींचे रंग बाहेरून शोधू नका. रंगीत काच उजेड आरपार आल्यावर जिवंत होते, म्हणून ती आतून बघायची असते. बाहेरून ती काळपट जाळीच दिसते, आणि चित्रातही तशीच हवी. बाहेरच्या चित्रात लाल-निळ्या काचा भरलेल्या दिसल्या की समजावं, हे ऐकून काढलं आहे.

घड्याळाचे काटे मी मुद्दाम काढते. कोणते? ज्या क्षणी सावल्यांच्या कडा कागदावर आखल्या, त्या वेळचे. त्याचं कारण पुढच्या उत्तरात येतं.

तासाभरात सावल्या सरकतात. मग कोणत्या खऱ्या धरायच्या?

एकाच वेळच्या. सांगाडा बसला की लगेच पेन्सिलीने सगळ्या मोठ्या सावल्यांच्या कडा आखून घ्या, पाच-सात मिनिटांत, खालपासून वरपर्यंत. मग वर बघा, घड्याळात किती वाजले ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि काटेही तसेच काढा. त्यानंतर ऊन कुठेही जाऊ दे, आखलेली सावली बदलायची नाही.

हे पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. तीन वाजता समोर फार सुंदर सावली पडलेली असते आणि हात शिवशिवतो. पण दीडची सावली खाली आणि तीनची वर असं झालं की चित्रात दोन सूर्य उगवतात. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण त्याला ते चित्र खोटं वाटतं. तीनची सावली आवडली असेल तर पान उलटा आणि तिचं वेगळं छोटं चित्र करा. माझ्या वहीत एकाच कोनातून एक, दोन, तीन आणि पाच वाजताचे चार टॉवर आहेत, पोस्टकार्डाएवढे. मोठ्या चित्रांपेक्षा तेच मला जास्त आवडतात.

दगडाला कोणता रंग?

कुर्ल्याचा दगड पिवळसर, फिका. यलो ऑकर (मातकट पिवळा) भरपूर पाण्यात, त्यात बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) थेंब. उन्हातल्या भागाला एवढंच, काही ठिकाणी कागद कोराच. सावलीला काळा वापरू नका. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना मिसळा, गारवा हवा तिथे निळा जास्त, कमानीच्या पोटात तपकिरी जास्त, कारण जमिनीवरून उडालेला उजेड तिथे ऊब आणतो. २०१५ साली टॉवर आणि ग्रंथालयाचं जतनाचं काम पुरं झालं, त्यात दगडही स्वच्छ केला गेला. त्याआधीच्या चित्रांमधला काजळी रंग बघून नक्कल करू नका, समोर बघून ठरवा.

पामची झाडं आड येतात. गाळली तर चालतील?

एखाद-दुसरं गाळा. सगळी गाळू नका. त्यांच्या सरळ खोडांमुळे मनोऱ्याची उंची कळते आणि झावळ्यांमुळे दगडाचा कडकपणा. झाड आधी आखून घ्या आणि इमारतीच्या रेषा त्याच्या मागे तोडा. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडूही तसेच, ते रंगवायचे नसतात, त्यांची जागा कोरी सोडायची असते. पांढरा ठिपका आणि खाली छोटी सावली, की २८० फुटांची इमारत २८० फुटांची वाटते.

फोटो काढून घरी आरामात काढलं तर?

काढा, पण ते वेगळं काम आहे. फोनच्या रुंद भिंगातून टॉवर मागे कललेला येतो, सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि त्यांच्यातला निळा-तपकिरी फरक नाहीसा होतो. मी फोटो एकच काढते, सावल्या आखल्या त्या वेळचा, नक्षीचं काही अडलं तर बघायला. जागेवरच बसून काढायचं हा नेम जगभर कित्येक जण पाळतात. गॅब्रिएल कॅम्पॅनारिओ यांनी २००७ साली सिॲटलमधून ‘अर्बन स्केचर्स’ हा अशा चित्रकारांचा गट सुरू केला, त्याच्या मुळाशी हेच आहे.

पावसाळ्यात?

मैदान चिखलाने भरतं, तरी तिथे माणसं असतात. कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेचे सामने १९४८ पासून मुंबईच्या मैदानांवर भर पावसाळ्यातच खेळले जातात. चित्रासाठी मोठी छत्री, छोटा कागद आणि अर्ध्या तासाची उघडीप पुरते. हवा इतकी दमट असते की वॉश वाळतच नाही, म्हणून एकावर एक थर देण्याचा नाद सोडा. ओल्यात ओलं सोडा, शिखर ढगात विरघळू द्या. भिजलेला दगड गडद आणि आकाश उजळ, नेहमीच्या उलट. चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये पॅरिसला जाण्याआधी मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रं करत. पावसाळी मुंबई बघताना ओल्या कागदावर काम करायचा मोह का होतो, ते त्या काळातली कामं पाहिली की समजतं.

लोक मागे उभे राहतात, मला लाज वाटते.

पहिली दहा मिनिटं वाटते. बघणारा चुका शोधत नसतो, त्याला कौतुक असतं. मला चहा पाजणारे, स्वतःच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची आठवण सांगणारे, ‘ताई, ते घड्याळ जरा वर घ्या’ असं अगदी बरोबर सुचवणारे लोक याच मैदानात भेटले. एकटं बसायला संकोच वाटत असेल तर दोघीतिघी मिळून या.

लहान मुलांना आणू का?

जरूर. त्यांना परिप्रेक्ष्य, म्हणजे दूरचं लहान कसं काढायचं ते, शिकवू नका. कागद उभा द्या आणि सांगा, टॉवर पूर्ण मावला पाहिजे. मग चेंडू आणा.

मी पुण्यात राहतो. एवढ्यासाठी मुंबईला यायला हवं का?

नाही. गणेशखिंडीतली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत सरावाला जास्त सोपी आहे. ती मुळात गव्हर्नरचं निवासस्थान, जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्याने १८६० च्या दशकात काम सुरू झालेली. विद्यापीठ तिथे १९४९ साली आलं. घडण इटालियन धाटणीची, आडवी पसरलेली, गोल कमानींची, आणि तिच्यातून वर निघालेला एक मनोरा. गोल कमान हाताला लवकर येते. करड्या दगडामुळे रंगही दोन-तीनच लागतात आणि आवारातल्या जुन्या झाडांखाली दुपार सहज निघते. तिथे दहा चित्रं झाली की मुंबईला या.

टॅबलेटवर काढलं तर चालेल?

चालेल. दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, तेवढं बघा.

एका बैठकीत किती वेळ द्यावा? आणि चित्र अपुरं राहिलं तर?

दीड तास. त्यानंतर डोळा थकतो आणि हात नुसती नक्षी भरत सुटतो. अपुरं राहिलं तर अपुरं ठेवा. घरी बसून आठवणीने खिडक्या पुऱ्या करू नका. एखाद्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी परत या. डिसेंबरातलं चित्र जानेवारीत त्याच वेळी पुढे नेता येतं, सावल्या थोड्याच हललेल्या असतात. एप्रिलपर्यंत थांबलात तर नवीन पान घ्यावं लागेल. उठण्यापूर्वी पानाच्या खाली तारीख, वार आणि बसण्याची जागा लिहा. वेळ पुन्हा लिहायची गरज नाही, ती घड्याळात काढलेली असते.